पॉलीहाऊसचा पहिला उन्हाळा: आधी वारा, मग सावली, शेवटी पाणी

एप्रिलचा दुसरा आठवडा, दुपारचे दोन. बाहेर ३८ अंश आणि पॉलीहाऊसमध्ये ४६. माझा तो पहिला उन्हाळा. ढोबळी मिरचीची रोपं लावून जेमतेम तीन आठवडे झाले होते, पाण्याचं धुकं उडवणारे फॉगर सकाळपासून सुरू होते आणि आकडा हलत नव्हता. दोरी बांधायला आलेल्या मावशी पदरानं तोंड पुसत बाहेर येऊन बसल्या. म्हणाल्या, "दादा, आत नुसता वाफारा घेतल्यागत होतंय. झाडाला काय होत असंल?"

झाडाला काय झालं ते आठवड्याभरात दिसलं. शेंडे करपले, पहिली कळी सगळी गळाली, चौथा हिस्सा रोपं पुन्हा लावावी लागली. पैसा फॉगरवर घातला होता आणि ज्या गोष्टी फुकटात किंवा थोडक्यात होतात त्या राहून गेल्या होत्या. बाजूचे पडदे निम्मेच गुंडाळलेले, जाळी धुळीनं बुजलेली. उडवलेलं पाणी हवेत भरून राहत होतं आणि त्या हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती.

वाळवा, मिरज, तासगाव, पलूस, कडेगाव, किंवा तिकडे फलटण, कोरेगाव, खटावच्या उन्हात जो पहिल्यांदा पॉलीहाऊस उभं करतोय त्याच्यासाठी हे लिहितोय. महाबळेश्वर-पाचगणीकडचं पॉलीहाऊस बघून आलेले बरेच जण तीच पद्धत आपल्या रानात करायला जातात. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे, सांगली साडेपाचशेच्या आसपास. तिथं जे वाऱ्यावर भागतं ते इथं एप्रिलमध्ये भागत नाही.

उष्णता येते कुठून

भर दुपारी एका चौरस मीटरवर जवळजवळ हजार वॅट ऊन पडतं. म्हणजे हजार वॅटची एक विजेची शेगडीच. दहा गुंठे म्हणजे साधारण हजार चौरस मीटर, तेव्हा हजार शेगड्या धरा. उघड्या रानात तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी दुसरी येते. इथं आपण प्लास्टिकच्या कागदानं तिला अडवून ठेवलेलं असतं. मग हातात तीनच उपाय उरतात. तापलेली हवा बाहेर काढायची, ऊन आत कमी येऊ द्यायचं, आणि उरलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची घालायची.

या तिसऱ्या उपायाची ताकद मोठी आहे. एक लिटर पाणी हवेत उडून जाताना जेवढी उष्णता ओढून घेतं, तेवढ्या उष्णतेत सात लिटर पाणी उकळीला येईल. नवीन माणूस हे ऐकतो आणि फॉगरच्या दुकानात जातो. मीही तेच केलं. पण पॉलीहाऊसमध्ये पाणी हवेत सोडणारं सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे झाड. पूर्ण वाढलेला ढोबळीचा प्लॉट कडक उन्हात चौरस मीटरला रोज ४ ते ६ लिटर पाणी पितो आणि त्यातलं बहुतेक सगळं पानांवाटे सोडून देतो. दहा गुंठ्यांचे झाले पाच हजार लिटर. माझे शंभर फॉगर दिवसभर नीट चालवले तर हजार-बाराशे लिटर सोडतात. म्हणून उन्हाळ्यातली सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी करायची: झाडाचं पिणं थांबू द्यायचं नाही. हवा फार कोरडी आणि तापलेली झाली की झाड पानावरची छिद्रं मिटून घेतं. एकदा ती मिटली की आपला मोठा कूलर बंद पडला.

पहिलं काम मोजायचं

अंदाजानं पॉलीहाऊस चालत नाही. दोन साधे तापमापक घ्या. दोन्ही झाडाच्या शेंड्याच्या उंचीला, सावलीत टांगा. पाईपला बांधलेला किंवा उन्हात लटकवलेला तापमापक पाच-सात अंश जास्त दाखवतो आणि आपण विनाकारण घाबरतो. वरून पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटाची टोपी केली तरी चालते, फक्त खालून वारा खेळू द्या.

त्यातल्या एकाच्या बल्बाला मलमलची ओली चिंधी गुंडाळा आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. हा झाला ओला तापमापक. कोरडा आणि ओला यांच्यातला फरक म्हणजे पाणी उडवून हवा किती गार करता येईल त्याची शेवटची मर्यादा. बाहेर ३८ अंश आणि आर्द्रता २५ टक्के असेल तर ओला तापमापक २३ च्या आसपास येतो. पंधरा अंशांची जागा आहे, फॉगर भरपूर काम करतील. जूनच्या तोंडाला ३३ अंश आणि ६५ टक्के असेल तेव्हा ओला साडेसत्तावीसवर थांबतो. जागा साडेपाच अंशांची. अशा दिवशी फॉगर सोडले तर गारवा नावाला आणि भुरी-करप्यासारखे बुरशीचे रोग मात्र घरपोच. माझा स्वतःचा नियम असा: फरक पाचच्या खाली गेला की फॉगरच्या व्हॉल्व्हला हात लावायचा नाही.

रोज सकाळी आठ, दुपारी बारा, दोन आणि चार वाजता आकडे वहीत लिहा. पंधरा दिवसांत तुमचं पॉलीहाऊस कसं वागतं ते कळायला लागतं.

वारा

नैसर्गिक हवा खेळणाऱ्या पॉलीहाऊसमध्ये बाजूच्या आणि वरच्या खिडक्या मिळून जमिनीच्या क्षेत्राच्या निदान २० ते ३० टक्के तरी हव्यात. अजून उभं करायचं असेल तर ठेकेदाराशी बोलतानाच हे कागदावर घ्या. गटरची, म्हणजे छपराच्या कडेच्या पन्हाळीची, उंची चार मीटरच्या खाली नको. उंची जास्त असली की गरम हवा झाडाच्या डोक्यावर, लांब जाऊन साठते आणि वरच्या खिडकीतून निघते. वरची खिडकी वाऱ्याच्या पाठीला उघडायला हवी. वारा छपरावरून जाताना मागच्या बाजूनं हवा ओढून नेतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणून खिडकी पूर्वेला ठेवतात. तरी तुमच्या रानात डोंगर, ओढा, झाडं कशी आहेत त्यावर फरक पडतो. काठीला रिबीन बांधून मार्चमधल्या आठ दुपारी स्वतः बघा.

आमच्या भागातली मोठी अडचण म्हणजे ऊस. जुलै-ऑगस्टला लावलेला आडसाली ऊस एप्रिलमध्ये डोक्याच्या वर गेलेला असतो, आणि तो पॉलीहाऊसला खेटून असेल तर बाजूच्या खिडक्या असून नसल्यासारख्या. पश्चिमेला निदान वीस फूट मोकळं ठेवा. त्या पट्ट्यात लसूणघासासारखं ठेंगणं हिरवं पीक असेल तर उत्तम, कारण त्याच्यावरून येणारा वारा तापलेल्या मातीवरून येणाऱ्यापेक्षा गार असतो आणि जनावरांच्या वैरणीचीही सोय होते. शेजाऱ्याचा ऊस असेल तर लागणीच्या आधीच बोलून घ्या. लागण झाल्यावर कोण ऐकणार?

आता जाळी. ४० मेशची (इंचाला चाळीस छिद्रांची) जाळी पांढरी माशी अडवण्यासाठी लागतेच, पण ती वाराही अडवते. त्यात पाचट पेटवल्याची काजळी, वीटभट्टीची राख, रस्त्याची धूळ बसली की छिद्रं बुजतात. फेब्रुवारीच्या शेवटी आणि पुन्हा एप्रिलच्या मध्यावर जाळी धुवायची. आतून बाहेर फवारणीच्या पंपानं पाणी मारायचं, वरून खाली. प्रेशर जपून, जाळी फाटली तर धुतल्याचा उपयोग काय. पहिल्या वेळी मी हे केलं तेव्हा जाळीतून काळं पाणी निघालं, आणि त्याच दुपारी आतला आकडा दोन अंशांनी खाली होता. एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम.

पडदे सकाळी आठच्या आत पूर्ण गुंडाळा. आत ३५ झाल्यावर पडदे उघडणं म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बंद करणं. एक गोष्ट मात्र मनात पक्की असू द्या: नुसत्या वाऱ्यानं आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार कधीच होणार नाही. फार तर बाहेरच्याच्या जवळ येईल. पण ४६ वरून ४० वर येणं हीच मोठी मजल आहे, आणि तिला लाईटबिल नाही.

सावली

सगळ्यात चांगली सावली ती, जी ऊन कागदाच्या बाहेरच थोपवते. आत लावलेली काळी किंवा हिरवी शेडनेट ऊन अडवते खरी, पण स्वतः तापते आणि ती उष्णता आतच सोडते. आत लावायची तर पांढरी किंवा चंदेरी घ्या, ऊन परत फेकणारी. ती तारेवर सरकती असावी आणि पूर्ण ओढली तरी कडेला हवा वर जायला फट राहावी. फट नसेल तर आपण छताखाली दुसरं छत घातलं.

ढोबळीला ३५ ते ५० टक्के ऊन अडवणारी जाळी पुरते. पाऊणशे टक्क्यांची कुणी सुचवली तर घेऊ नका. सकाळी साडेदहा-अकराला ओढायची, चारला उघडायची. हे रोज करायचा कंटाळा येतो आणि मग जाळी महिनाभर ओढलेलीच राहते. झाडं उंच, लुकडी होतात, फुलं कमी लागतात, आणि आपण खतात दोष शोधत बसतो. मोबाईलमध्ये लक्स, म्हणजे उजेड, मोजायचं ॲप मिळतं. अगदी अचूक नसतं, तुलनेला पुरतं. दुपारी बाहेर लाखभर लक्स असतात, ढोबळीला पन्नास-साठ हजार भरपूर झाले.

सरकत्या जाळीचा खर्च झेपत नसेल तर कागदावर बाहेरून खडूच्या पावडरीचं पाणी मारतात. चुना स्वस्त पडतो, पण त्याच्या तिखटपणानं कागदाचं आयुष्य कमी होतं. दोनशे मायक्रॉनचा कागद बदलायचा खर्च काढा आणि मग ठरवा. खडू पावडर गाळून घ्या, चिकटायला थोडा डिंक घाला, आधी कागदाच्या तुकड्यावर मारून त्याच्या आडून ऊन बघा. पातळ थर दोनदा द्या. एकदाच जाड मारला तर ओघळ पडतात आणि आत पट्ट्यापट्ट्यांची सावली पडते. गुढीपाडव्याच्या सुमाराला एक हात मारायचा आणि पुढचं ऊन बघून दुसरा.

छपरावर स्प्रिंकलर लावून कागद भिजवणारेही आहेत. कृष्णाकाठच्या क्षारयुक्त विहिरींच्या पाण्यानं तसं केलं तर दोन महिन्यांत कागदावर पांढरा थर बसतो आणि तो पावसाळ्यातही निघत नाही. मी त्या वाटेला गेलो नाही.

झाड पीत राहिलं पाहिजे

कडक उन्हाळ्याच्या तोंडावर कोवळं रोप लावू नका. माझी मूळ चूक तीच होती. बोटभर रोपाला पानं किती, ते वाफ काय सोडणार? गुढीपाडव्याला झाड निदान कमरेच्या वर आणि दोन ओळींमधली जागा पानांनी झाकलेली असं लागणीचं वेळापत्रक मागे मोजत जाऊन ठरवा. भरलेल्या प्लॉटमध्ये आणि रिकाम्या प्लॉटमध्ये, बाकी सगळं सारखं असताना, दुपारी किती फरक असतो ते आत पाय टाकल्याबरोबर अंगाला कळतं.

पाणी एकदम देऊ नका. पहाटे एक पाळी, मग नऊ, अकरा, एक आणि तीनला थोडं थोडं. बेडमध्ये वाफसा टिकायला हवा, चिखल नको. मुळांना हवा मिळाली नाही तर ओल्या बेडवरही झाड सुकतं. आपल्याकडे बाहेरून लाल माती आणून बेड भरलेले असतात. खालची काळी माती निचरा करत नाही, तेव्हा बेडखाली पाणी तुंबतंय का ते खड्डा काढून बघा.

आणि ही गोष्ट फार थोडे सांगतात. ठिबकची काळी नळी, म्हणजे लॅटरल, उन्हात पडलेली असेल तर दुपारी तिच्यातलं पाणी हाताला चटका देतं. सोळा मिलीमीटरच्या पाईपमध्ये मीटरला दीडशे मिली पाणी असतं, आणि दुपारच्या पाळीला तेच आधी मुळाशी पडतं. लॅटरल मल्चिंगच्या, म्हणजे बेडवर अंथरलेल्या कागदाच्या, खाली घ्या. मल्चिंगची चंदेरी बाजू वर ठेवा, काळी खाली. पाण्याची काळी टाकी उघड्यावर असेल तर तिच्यावर साधा मांडव घाला किंवा पांढरा रंग द्या. टाकीतलं पाणी पिऊन बघायची गरज नाही, हात घाला. आपल्याला कोमट लागलं तर मुळाला ते गरमच आहे.

छाटणीचा हात एप्रिल-मेमध्ये आखडता ठेवा. फळावर पान असू द्या. ऊन थेट लागलेल्या ढोबळीवर पांढरा, कागदासारखा डाग पडतो आणि ती मिरची मुंबईच्या गाडीत चढत नाही. आतला आकडा दुपारी सतत ३५ च्या वर राहत असेल तर थोडी फुलगळ होणारच. तेव्हा टॉनिकच्या बाटल्यांमागे धावू नका, आकडा खाली आणा.

आता फॉगर

वारा, सावली आणि झाड जागेवर असेल तरच फॉगर कामाला येतात. साधा चार तोंडांचा फॉगर ४ किलो दाबाला ताशी २८ लिटर पाणी सोडतो. शंभर फॉगर एक मिनिट चालले तर सुमारे ४७ लिटर. दाब कमी पडला की धुक्याऐवजी थेंब पडतात, झाड भिजतं आणि हवा तशीच राहते. म्हणून लाईनच्या शेवटच्या टोकाला दाबाचं घड्याळ लावा, मोटरीजवळच्या घड्याळावर भरवसा नको. प्रत्येक फॉगरला गळती थांबवणारा व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर मोटर बंद झाल्यावर पाईपमधलं पाणी खालच्या झाडावर टपकत राहतं आणि नेमकी तीच झाडं कुजतात.

साडेदहा-अकराला सुरुवात करा. अर्धा ते एक मिनिट सोडायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. थांबण्याच्या काळात वारा ती ओली हवा बाहेर काढतो आणि कोरडी आत आणतो, गारवा त्याच येण्याजाण्यात तयार होतो. पडदे उघडेच. सोडून झाल्यावर तीन-चार मिनिटांनी पानावर तळहात फिरवा. कोरडा निघाला तर बरोबर. ओला निघाला तर वेळ कमी करा. वाटेवर पाणी साचलं असेल तर आपण पाटपाणी देतोय असं समजा. चारनंतर बंद. रात्री पान ओलं राहता कामा नये.

पाणी कुठलं, हेही महत्त्वाचं. क्षाराच्या पाण्यानं नोझल बुजतात आणि पानावर पांढरे ठिपके बसतात. पाण्याची तपासणी करून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे पॉलीहाऊसच्या गटरचं पावसाचं पाणी शेततळ्यात घ्या. ५०० मिलीमीटर पाऊस धरला तरी हजार चौरस मीटर छपरावरून पाच लाख लिटर येतं. तळ्यावर सावली घातली तर उन्हाळ्यात उडून जाणारं पाणीही वाचतं.

फॅन-पॅडबद्दल थोडक्यात. ओल्या पॅडमधून हवा ओढून घेतली की ३८ ची हवा पॅडच्या तोंडाशी २६ पर्यंत येऊ शकते. पण फॅनच्या टोकाला जाईपर्यंत ती पुन्हा तापते, म्हणून दोन भिंतींमधलं अंतर तीस-चाळीस मीटरच्या आत लागतं. सगळं घर बंद ठेवावं लागतं आणि लाईट गेली की दहा मिनिटांत भट्टी होते. रोपवाटिका किंवा महागड्या फुलांसाठी, जनरेटर तयार असेल तर जरूर करा. पहिल्या उन्हाळ्यातल्या भाजीवाल्यानं यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शेतीची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. फॉगरच्या मोटरीसाठीसुद्धा सोलर किंवा छोटं इंजिन हाताशी असावं.

आतली माणसं

एप्रिल-मेमध्ये आतलं काम सकाळी साडेसहा ते साडेदहा, आणि मग साडेचारनंतर. मधल्या वेळात फक्त आकडे बघायला आत जायचं, तेही एकट्यानं नाही. दारापाशी माठ, मीठ-साखर-लिंबू ठेवा. कुणाला घाम येणं थांबलं, बोलणं अडखळायला लागलं, चक्कर आली तर ताबडतोब सावलीत घ्या, अंग ओलं करा, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. वाट बघू नका. मावशींनी त्या दिवशी बाहेर येऊन सांगितलं म्हणून मला कळलं. सगळ्याच बायका सांगत नाहीत, मालकाला काय वाटेल म्हणून सोसतात. आपणच विचारायचं.

वळीव

दुपारी उकाडा एकाएकी वाढला, वारा पडला आणि पूर्वेला काळं भरून आलं की आतलं काम सोडून पडद्यांकडे जा. वळवाचा वारा दिशा धरून येत नाही. तो उघड्या पडद्यातून आत शिरला तर कागद खालून उचलतो. वाऱ्याच्या अंगाचे पडदे आधी पाडायचे, मग बाकीचे, सरकती जाळी गोळा करून बांधायची. कागद अडकवलेल्या झिगझॅग स्प्रिंगा मार्चमध्येच एकदा फिरून बघा, सैल झालेली एक स्प्रिंग सगळा पट्टा घेऊन जाते. पाऊस थांबल्याबरोबर पडदे पुन्हा वर. ओली, बंद, उबदार हवा एक रात्र राहिली तर करप्याला तेवढं पुरतं.

मृगाचा पाऊस लागला की खडूचा थर बराचसा आपोआप धुऊन जातो. राहिलेला मऊ ब्रशनं, लांब काठीला बांधून, ओला असतानाच काढा. वाळला की घासावा लागतो आणि कागदावर ओरखडे पडतात. त्याच आठवड्यात फॉगर उतरवून पाण्यात भिजत घाला, बुजलेली नोझल बाजूला काढा, किती बुजली ते वहीत लिहा आणि तेवढी नवी आताच मागवून ठेवा. मार्चमध्ये ती मिळायला वेळ लागतो.